विश्लेषण : हिवाळ्यात आरव्हीने अमेरिकेच्या वाळवंटात जाताय? नियोजन नेमके कुठे चुकते?

डिसेंबर उजाडला की अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतून आणि कॅनडातून मोटारघरांचे तांडे दक्षिणेकडे निघतात. बर्फापासून पळणाऱ्या या पाहुण्यांना तिथे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. त्यांचा मुक्काम अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात असतो. अलीकडे या रस्त्यांवर मराठी कुटुंबेही दिसू लागली आहेत. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला, नाताळची सुट्टी, पुण्या-नाशिकहून आलेले आई-वडील आणि ‘यंदा हॉटेल नको, आरव्ही घेऊ’ असा बेत. बेत चांगला आहे. मात्र वाळवंट म्हणजे ऊन, हे गृहीत धरून निघालेल्यांची पहिलीच रात्र कुडकुडत जाते. ही सहल आखताना काय पाहावे, खर्चाचा हिशेब कसा करावा आणि साठी ओलांडलेले आई-वडील सोबत असतील तर कोणती काळजी घ्यावी, याचा हा आढावा.

आरव्ही म्हणजे नेमके काय?

आरव्ही म्हणजे ‘रिक्रिएशनल व्हेईकल’, अर्थात चाकांवरचे घर. त्यात पलंग, शेगडी, फ्रीज, संडास, न्हाणीघर असे सगळे असते. महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले, त्यातली कॅरव्हॅन याच जातकुळीची.

अमेरिकेत भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. ‘क्लास ए’ ही बसएवढी मोठी, ‘क्लास बी’ ही व्हॅनसारखी आणि ‘क्लास सी’ ही मधल्या आकाराची. ‘क्लास सी’च्या चालकाच्या डोक्यावर पुढे आलेला एक पलंग असतो. चार-पाच जणांच्या कुटुंबासाठी बहुतेक वेळा हीच गाडी घेतली जाते. ती साधारण सात ते नऊ मीटर लांब आणि साडेतीन मीटरच्या आसपास उंच असते. पेट्रोल पंपाचे छत, ड्राइव्ह-थ्रूची कमान आणि झाडाच्या फांद्या यांना ती धडकू शकते. त्यामुळे गाडी ताब्यात घेताच तिची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवावी.

वाळवंटात थंडी कशी?

हवेत ओलावा आणि आकाशात ढग असले की जमिनीची उष्णता रात्री अडून राहते. वाळवंटात दोन्ही नसतात. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच उष्णता आकाशात सोडून देते आणि पारा झपाट्याने घसरतो.

अ‍ॅरिझोनातील टूसॉन शहरात जानेवारीत दुपारी साधारण १८-१९ अंश सेल्सिअस तापमान असते. पहाटे मात्र ते ४-५ अंशांपर्यंत उतरते. निफाडचा पारा एवढा खाली आला की आपल्याकडे ती बातमी होते. टूसॉनला ती नेहमीची रात्र आहे.

दुसरा मुद्दा उंचीचा. दर हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण साडेसहा अंशांनी कमी होते. फीनिक्स शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटरवर आहे, तर तिथून जेमतेम २३० किमीवरचे फ्लॅगस्टाफ सुमारे २१०० मीटरवर. म्हणजे एकाच दिवसाच्या प्रवासात वातावरण ११-१२ अंशांनी थंड होऊ शकते. फ्लॅगस्टाफला वर्षाला दोन मीटरहून अधिक बर्फ पडतो. ग्रँड कॅनियनचा दक्षिण कडाही त्याच उंचीवर आहे आणि जानेवारीत तिथे रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो.

नियोजनातली सर्वांत मोठी चूक इथेच होते. ‘अ‍ॅरिझोना’ हे एकच नाव पाहून फीनिक्स, टूसॉन आणि ग्रँड कॅनियन एकाच सहलीत, एकाच आरव्हीतून गुंफले जातात. नकाशावर ते जवळ दिसतात, पण हवामानाच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रदेश आहेत.

मग ग्रँड कॅनियन वगळायचे का?

अजिबात नाही. दक्षिण कडा वर्षभर खुला असतो आणि बर्फाची किनार असलेली दरी पाहण्यासारखी असते. उत्तर कडा मात्र हिवाळ्यात बंद असतो. प्रश्न आहे तो तिथे कसे जायचे याचा.

बर्फाळ चढणीवर चार-पाच टनांची उंच गाडी पहिल्यांदाच चालवणे धोक्याचे आहे. शिवाय शून्याखालच्या तापमानात आरव्हीचे पाण्याचे पाइप गोठून फुटू शकतात आणि त्याची भरपाई भाडेकरूकडून घेतली जाते. त्यामुळे सोपा मार्ग असा : कमी उंचीवरचे वाळवंट आरव्हीने फिरावे, गाडी फीनिक्सला परत करावी आणि ग्रँड कॅनियनसाठी साधी मोटार व हॉटेलातला मुक्काम ठेवावा. त्या दोन दिवसांचा कार्यक्रम हवामानाचा अंदाज पाहून पुढे-मागे करता येईल एवढी मोकळीक ठेवावी.

मार्ग कसा आखावा?

आरव्हीवाल्यांमध्ये ‘तीन-तीन-तीन’ असा एक ठोकताळा प्रचलित आहे : दिवसाला ३०० मैलांपेक्षा म्हणजे सुमारे ४८० किमीपेक्षा जास्त चालवायचे नाही, दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोहोचायचे आणि एका जागी किमान तीन रात्री राहायचे. ज्येष्ठ सोबत असतील तर यातला पहिला आकडा निम्म्यावर आणणेच बरे. तीनची वेळ मात्र काटेकोरपणे पाळावी. डिसेंबरअखेर फीनिक्सला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अनोळखी जागी अंधारात गाडी मागे घेणे, वीज आणि पाणी जोडणे हे पहिल्या दिवशी कोणालाच जमत नाही.

नऊ-दहा दिवसांचा एक सुटसुटीत मार्ग असा आखता येईल :

- फीनिक्स : गाडी सहसा दुपारनंतर ताब्यात मिळते. त्या दिवशी लांब जाऊ नये. शहराच्या पूर्वेला ‘लॉस्ट डचमन स्टेट पार्क’ आहे. तिथे पहिली रात्र काढून गाडीतले प्रत्येक बटण तपासून घ्यावे. काही बिघाड निघाला तर कंपनी जवळच असते.

- टूसॉन, सुमारे १८५ किमी, तीन रात्री : शहराच्या दोन्ही बाजूंना ‘सवारो नॅशनल पार्क’ पसरले आहे. हात वर केलेल्या माणसासारखा दिसणारा महाकाय सवारो निवडुंग सोनोरन वाळवंटाशिवाय इतरत्र नैसर्गिकरीत्या उगवत नाही. तो दीडशे-दोनशे वर्षे जगतो. त्याला पहिला फाटा फुटायलाच अर्धशतकाहून अधिक काळ जातो. उद्यानात आरव्ही मुक्कामाची सोय नाही. जवळचे ‘कॅटालिना स्टेट पार्क’ त्यासाठी सोयीचे.

- ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंट, सुमारे २३० किमी, दोन रात्री : मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेले हे राखीव क्षेत्र १९३७मध्ये जाहीर झाले. इथे वीज-पाण्याची जोडणी नसते. स्वतःच्या टाकीवर आणि बॅटरीवर राहण्याचा हा पहिला अनुभव ठरेल.

- क्वार्टझसाइट, सुमारे ३३० किमी, दोन रात्री : जेमतेम अडीच हजार वस्तीचे हे गाव हिवाळ्यात लाखो आरव्हीवाल्यांनी गजबजते. जानेवारीत इथे आरव्हींचे मोठे प्रदर्शन भरते. ऑस्करविजेत्या ‘नोमॅडलँड’ या चित्रपटाचे काही चित्रीकरण इथलेच. तिथून फीनिक्स सुमारे २०५ किमी.

क्वार्टझसाइटच्या दफनभूमीत दगडी पिरॅमिडवर उंटाची आकृती असलेले एक स्मारक आहे. ते हादजी अली या उंटवानाचे. १८५६मध्ये अमेरिकी लष्कराने वाळवंटी वाहतुकीसाठी उंट आणले, तेव्हा त्यांच्यासोबत तो ऑटोमन साम्राज्यातून आला. स्थानिकांनी त्याच्या नावाचे ‘हाय जॉली’ केले आणि ते तसेच राहिले.

मुक्कामाच्या जागा कोणत्या?

तीन पर्याय आहेत. पहिला, खासगी आरव्ही पार्क. तिथे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असते. दुसरा, राज्य आणि राष्ट्रीय उद्यानांतील कॅम्पग्राउंड. ते स्वस्त आणि निसर्गरम्य असतात, पण आरक्षण महिनोन् महिने आधी संपते. टूसॉनमध्ये जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रत्ने-खनिजांचे जगप्रसिद्ध प्रदर्शन असते; त्या काळात अख्खे शहर भरलेले असते.

तिसरा पर्याय सरकारी मोकळ्या जमिनीचा. ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या केंद्रीय यंत्रणेच्या बऱ्याच जमिनींवर २८ दिवसांत १४ दिवसांपर्यंत मोफत राहता येते. क्वार्टझसाइटजवळच्या ला पोसा येथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना काढून दीर्घ मुक्कामही करता येतो. यात एक मेख आहे. भाड्याच्या आरव्हीला कच्च्या रस्त्यावर नेण्याची परवानगी करारात नसेल, तर तिथे झालेल्या नुकसानीला विमा लागू होत नाही. त्यामुळे करारातले हे कलम आधी वाचावे.

पाणी आणि विजेचा हिशेब काय?

‘क्लास सी’ गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी साधारण १५० लिटरची असते. चार माणसे आणि तीन दिवस धरले, तर माणशी रोज १२-१३ लिटर येतात. आपल्याकडे अंघोळीची एक बादलीच १५-२० लिटरची असते. म्हणजे जोडणी नसलेल्या जागी रोज अंघोळ शक्य नाही. आई-वडिलांना हे निघण्यापूर्वीच सांगितलेले बरे. पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवावे.

वापरलेले पाणी दोन टाक्यांत जाते. सिंक आणि न्हाणीघराचे ‘ग्रे’ टाकीत, संडासाचे ‘ब्लॅक’ टाकीत. त्या ‘डम्प स्टेशन’वर रिकाम्या कराव्या लागतात. आधी ब्लॅक, मग ग्रे. म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. संडासात जेट नसतो, तेव्हा एक मग सोबत असू द्यावा.

आता वीज. रात्री उबेसाठी प्रोपेन गॅसवर चालणारा हीटर असतो. ‘गॅस भरलेला आहे, मग काळजी नाही’ असे वाटते. पण त्या हीटरचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. तो सुरू असताना साधारण सात-आठ अँपिअर वीज खातो. रात्रीच्या दहा तासांत तो निम्मा वेळ फिरला, तरी ३५ ते ४० अँपिअर-तास संपतात. १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात. म्हणजे दिवे, पाण्याचा पंप आणि मोबाइल चार्जिंगला फारसे काही उरत नाही. पहाटे चारला, ऐन थंडीत, पंखा थांबतो तो यामुळे.

वडिलांना झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र लागत असेल, तर हा हिशेब आणखी बिघडतो. अशा वेळी वीजजोडणी असलेल्या जागीच मुक्काम करावा. इतरांनी संध्याकाळी जनरेटर चालवून बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. उद्यानांत जनरेटरच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या विचारून घ्याव्यात.

ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटवून झोपणे हा जीवघेणा प्रकार आहे. बंद जागेत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीतला अलार्म सुरू असल्याची खात्री पहिल्याच दिवशी करावी. फोडणी दिली की धुराचा अलार्म हमखास वाजतो. तेव्हा खिडकी उघडावी, पंखा लावावा, पण अलार्मची बॅटरी काढू नये.

आई-वडील सोबत असतील तर?

पहिली गोष्ट कागदपत्रांची. दक्षिण अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात मेक्सिकोची सीमा ओलांडली नाही, तरी महामार्गांवर बॉर्डर पेट्रोलच्या तपासणी चौक्या लागतात. तिथे नागरिकत्वाबद्दल विचारणा होते. परदेशी नागरिकांनी वैध कागदपत्रे जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे पर्यटक व्हिसावर आलेल्यांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ नोंदीची छापील प्रत गाडीतच हवी, घरच्या कपाटात नको. एच-१बी किंवा ग्रीन कार्डधारकांनाही हेच लागू आहे. समोर मेक्सिको दिसतेय म्हणून सहज पलीकडे जाऊन येण्याचा मोह टाळावा. परतीच्या प्रवेशाचा प्रश्न आहेच, शिवाय भाड्याच्या गाडीचा विमा तिकडे सहसा चालत नाही.

दुसरी गोष्ट आरोग्याची. अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या मातीत एक बुरशी असते. धुळीतून ती फुप्फुसात गेल्यास ‘व्हॅली फीवर’ हा आजार होतो. ताप, खोकला, थकवा अशी लक्षणे साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, म्हणजे कदाचित भारतात परतल्यावर. बहुतेकांना तो सौम्य होतो आणि तो एकाकडून दुसऱ्याला होत नाही. मात्र मधुमेह असलेल्यांमध्ये तो गंभीर रूप घेण्याची शक्यता जास्त असते. आपल्याकडच्या डॉक्टरांना हा आजार क्वचितच दिसतो. त्यामुळे परतल्यावर खोकला हटत नसेल, तर ‘आम्ही अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात राहून आलो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्यावीत. इन्सुलिन गोठले तर निकामी होते, म्हणून ते फ्रीजच्या अगदी थंड कप्प्याला लावून ठेवू नये. आई-वडिलांचा प्रवासी आरोग्य विमा आधीच्या आजारांना किती लागू आहे, हे तपासावे. वाळवंटात कित्येक किलोमीटर मोबाइलला सिग्नल नसतो. नकाशे आधी डाउनलोड करावेत आणि रोजचा मुक्काम घरच्या कोणाला तरी कळवून ठेवावा.

रस्त्यावर कोणते धोके?

उंच गाडीला वारा आडवा लागतो. जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल तर त्या दिवशी निघू नये. आय-१० महामार्गावर टूसॉन-फीनिक्स दरम्यान आणि न्यू मेक्सिकोतील लॉर्ड्सबर्गजवळ धुळीचे लोट येऊन क्षणात समोरचे दिसेनासे होते. अशा वेळी गाडी रस्त्यापासून शक्य तितकी बाजूला घ्यावी, सर्व दिवे बंद करावेत आणि ब्रेकवरचा पाय काढावा. दिवे सुरू राहिले तर मागून येणारा चालक त्यांच्याकडे पाहत सरळ येऊन धडकू शकतो.

गाडी सुरू असताना सर्वांनी पट्टा लावून बसावे. मागे चहा करणे किंवा पलंगावर आडवे होणे नको.

कॅलिफोर्नियात शिरणार असाल तर सीमेवर कृषी तपासणी नाके लागतात. तिथे फळांची, विशेषतः लिंबूवर्गीय फळांची चौकशी होते. कढीपत्त्याचे झाड लिंबूवर्गीय झाडांवर रोग पसरवणाऱ्या किडीला आश्रय देते, त्यामुळे ताजा कढीपत्ताही निर्बंधांत येतो. फीनिक्सजवळच्या भारतीय दुकानातून घेतलेली जुडी अ‍ॅरिझोनातच संपवावी.

खर्च किती धरावा?

आरव्हीची जाहिरातीतली किंमत फक्त रोजच्या भाड्याची असते. त्यावर अनेकदा मैलांचा आकार, जनरेटरच्या तासांचा आकार, भांडी-अंथरुणाचे भाडे, विमा आणि मुक्कामाचे शुल्क चढते.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. ‘क्लास सी’ गाडी एका गॅलनला आठ-दहा मैल, म्हणजे लिटरला साधारण साडेतीन ते सव्वाचार किमी चालते. वरचा मार्ग ९५० किमीचा. इकडे-तिकडे फिरणे धरून ११०० किमी समजू. लिटरला साडेतीन किमी धरले तर सुमारे ३१५ लिटर, म्हणजे ८३ गॅलन पेट्रोल लागेल. त्याला पंपावरच्या दराने गुणले की आकडा मिळतो. कॅलिफोर्नियात पेट्रोल अ‍ॅरिझोनापेक्षा महाग असते, त्यामुळे सीमेअलीकडे टाकी भरून घ्यावी.

उद्यानांच्या शुल्कात १ जानेवारी २०२६पासून बदल झाला आहे. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी ८० डॉलर, तर परदेशी पर्यटकांसाठी २५० डॉलर झाला आहे. पास नसलेल्या परदेशी पर्यटकांना ११ प्रमुख उद्यानांत नेहमीच्या शुल्काव्यतिरिक्त माणशी १०० डॉलर द्यावे लागतात. १६ वर्षांखालील मुलांना सूट आहे. या यादीत ग्रँड कॅनियन, झायन आणि ब्राइस कॅनियन आहेत. सवारो आणि ऑर्गन पाइप नाहीत. एकाच गाडीत मुलगा अमेरिकेचा रहिवासी आणि आई-वडील पर्यटक असतील, तर कोणता पास घ्यावा हे राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर पाहूनच ठरवावे. एकूण खर्चात हा फरक मोठा आहे.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

- मुक्कामाच्या प्रत्येक जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि रात्रीचे किमान तापमान
- गाडीची उंची, लांबी आणि करारातील कच्च्या रस्त्याचे कलम
- बॅटरी, प्रोपेन आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्म
- सर्वांचे मूळ पासपोर्ट, आय-९४, वाहन परवाना आणि विम्याची कागदपत्रे
- पारा शून्याकडे जाणार असेल तर रात्री बाहेरची पाण्याची नळी काढून ठेवणे आणि आतली टाकी भरून ठेवणे
- प्रत्येकासाठी एक जास्तीचे जाड पांघरूण

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी सर्व रात्री वीजजोडणीच्या जागी काढल्या आणि एखादीच रात्र मोकळ्या वाळवंटात घालवली, तरी सहलीत काही कमी पडत नाही. ती रात्र मात्र अमावास्येच्या आसपास ठेवावी. शहराच्या दिव्यांपासून दूर, कोरड्या हवेत आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो पाहायला आई-वडिलांनी बाहेर येऊन बसावे असे वाटत असेल, तर आत हीटर सुरू राहील याची व्यवस्था आधी करावी.